वितळण्याचे पैसे

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या
खिडकीशी मी हिशेब लिहिते.
लादी बाहेर पडली की लगेच झिजू लागते,
गिऱ्हाईक घासाघीस करेपर्यंत
दोन बोटं कमी.

माझंही तसंच चालतं काहीसं.
बाबांनी ठेवलेले शेअर, जेमतेम एक लॉट भरेल एवढे.
विकवत नाहीत.
त्यांच्यावर महिन्याला एक कॉल मात्र विकते:
चारशे चाळीसला उचला,
महिनाअखेरपर्यंत कधीही ठरवा.
शेअरमागे नऊ रुपये, आगाऊ.

नऊ कशाचे? भाव तर चारशे पंचवीसच होता.
नुसत्या दिवसांचे.
समोरचा दिवस विकत घेतो
आणि ते त्याच्या हातातून रोज पाझरतात.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात भाव उसळला.
चारशे साठ. चारशे ऐंशी. पाचशे बारा.
इकबाल मुकादम टेम्पोवरून ओरडला,
"ताई, लॉटरी लागली की!"
मी वहीत चारशे चाळीसवर रेघ ओढली.
रेघेच्या वरचं सगळं
ज्याने दिवस घेतले त्याचं.

वाईट वाटलं?
वाटलं. बहात्तर रुपयांचं.
मग नऊ वजा केले, त्रेसष्टचं.
आणि भाव कोसळला असता तर
नऊ रुपयांत कितीसं झाकलं असतं,
तेही मांडून पाहिलं, खोडलं.

संध्याकाळी पुळणीवर सुरमईचा लिलाव.
बोली चढत होती, घेणारे ओरडत होते,
कुणीतरी शिवी हासडली.
मधे पेटीत माझी लादी,
पैसे सकाळीच चुकते झालेली,
पाणी होत होती.