पावणेतीन फेऱ्या

आवाज आधी मालनला ऐकू आला.
मी पुढे, ती मागे, तिच्यामागे बांगड्यांची पेटी,
आसूदच्या वळणावर ती माझ्या कानाशी म्हणाली,
"खाली कुणीतरी अडकित्ता घेऊन बसलंय.
सुपारी फोडतंय."

मला काही ऐकू येईना.
मग एकदा आला,
आणि मग दुसरं काही ऐकूच येईना.
कट्.

बंदरावर विचारलं.
गजू म्हणाला, क्लचप्लेटा.
बर्फवाला म्हणाला, बेअरिंग,
माझ्या साडूची अशीच बोलायची, आणि एक दिवस खेडच्या रस्त्याला चाक...
पुढचं त्याने हाताने दाखवलं.
दापोलीच्या शोरूममधल्या पोराने
(नखात तेलाचा थेंब नाही)
कागदावर साडेआठ हजार लिहून दिले.
कागद पेटीखाली ठेवला. संध्याकाळपर्यंत
आकडा विरघळला. आवाज नाही.

मुनाफ नाखवा आधी दाभोळच्या लाँचवर इंजिनापाशी असायचा,
आता चढाला पत्र्याखाली बसतो.
काय झालंय, असं त्याने विचारलं नाही.
विचारलं, कधी?
चढाला की उताराला?
गाडी गार असताना की तापल्यावर?
पेटी भरलेली की रिकामी?
लग्न ठरताना मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

मग स्वतःच मागे बसला. उतार लागला तसा म्हणाला,
"चावी बंद कर. क्लच दाब."
इंजिन गप्प झालं.
खालून लिलावाची ओरड, माडांत वारा,
कुठेतरी रेडिओ,
आणि कट्.
"बघ. इंजिन मेलंय, हा अजून बोलतोय.
इंजिनाचं नाव सोड."

पत्र्याखाली परत. गाडी मधल्या स्टँडवर.
टायरवर खडूची एक रेघ.
चाक त्याने हाताने फिरवलं, इतकं सावकाश
की माझाच श्वास मध्ये येऊ लागला.
रेघ वर आली. एक. काही नाही.
रेघ वर आली. दोन. काही नाही.
तिसऱ्यांदा वर यायला पाव फेरी उरली असताना
कट्.
पुन्हा फिरवलं. एक, दोन, आणि पाऊण.
कट्.

"चाकाचा असता तर दर फेरीला बोलला असता.
पावणेतीन फेऱ्यांनी कोण येतं, सांग?"
मी मासे मोजतो, फेऱ्या नाही.
"साखळी. अख्खी साखळी एकदा फिरून यायला
चाकाला पावणेतीन फेऱ्या लागतात."

दहाचा पाना. कव्हर निघालं.
आत तीन वर्षांचं बर्फाचं खारं पाणी,
वाळून राखाडी लगदा झालेलं,
त्यात एक खवला, अजून चकाकणारा.
तसबीचे मणी सरकवावेत तशी
कडी कडी त्याच्या बोटांतून गेली,
आणि एका जागी बोटं थांबली.

एकशे चौदांतली एक.
बाकीच्या दात्यावर वाकायच्या,
उतरल्या की सरळ व्हायच्या.
ही वाकली ती वाकलेलीच.
पुढच्या चक्राला तशीच जाऊन धडकायची.

"हिला शिव्या देऊ नको," मुनाफ म्हणाला.
"पाणी तू पाजलंस."
नवी जोडकडी, मजुरी, दीडशे रुपये
आणि चार बांगडे, ते त्याने निवडून घेतले.
"पेटीच्या बुडाला नळी लाव.
पाणी रस्त्यावर जाऊ दे."

जुनी कडी खिशात घालून घरी आणली.
मालनने वाटीत खोबरेल ओतलं, तिला आत सोडली,
का ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या पहाटे आसूदच्या वळणावर मी मोजत होतो.
एक, दोन, पाऊण.
काही नाही.
तरी त्या जागी मान जराशी हललीच.
मालन मागून म्हणाली,
"आता गिअर टाकताना तुझा गुडघा ऐकू येतो."
मी म्हटलं, "कट्?"
"छे. कुरकुर."

चौथ्या दिवशी वाटीतली कडी
बोटाने दाबून पाहिली.
हलली. पुरती नाही,
थोडीशी.