कोशीचे पाच टक्के

आशाइमानच्या बाजारात माझ्या बापाचं कोल्ड स्टोअर,
त्याच्या मागच्या खोलीत आतेभावाचा, सेलोर्मचा स्टुडिओ.
स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे,
खिडकीला उभी केलेली गादी,
आणि तीन हात फिरून आलेला लॅपटॉप,
ज्याचं 'के' अक्षर उडालेलं.
मी पुढे बांगडे तोलायची,
तो मागे ढोल तोलायचा.
ग्रॅमग्रॅमने. रात्ररात्र.

भिंतीपलीकडे फ्रीजर चोवीस तास गुणगुणायचा.
माशाचा वास कपड्यात शिरतो
तशी ती गुणगुण प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शिरायची.
काढून निघेना.
फ्रीजर बंद करावा तर मासे जातील,
आणि माशांमागोमाग आम्ही.
शेवटी त्याने फ्रीजरचा सूर शोधला
आणि गाणी त्याच सुरात बांधली.
दोन वर्षं.
लग्नाची, भांडणाची, देवाची,
सगळी एकाच पट्टीत.
एबोचा गळा तिथवर पोचायचा नाही,
तो चवड्यांवर उभा राहून गायचा.
पुढे आक्राच्या रेडिओवर कुणी म्हणालं,
या पोराच्या गाण्यांखाली जमीन आहे.
आम्ही पोट धरून हसलो.
जमीन तीनशे लिटरची होती
आणि तिचे हप्ते थकले होते.

वीज गेली की तो अंधारात मांडीवर बोटं वाजवत बसे.
म्हणे, ठोका वाजवणं सोपं आहे,
कुठला वाजवायचा नाही, ते कळायला वर्षं जातात.
आत्या विचारायची,
न वाजवण्याचे पैसे कोण देतं रे?

मग एबोचं गाणं लागलं.
ट्रोट्रोत, सलूनमध्ये, मयताच्या मांडवातसुद्धा.
पोस्टरवर एबो. एबोचे बूट.
खाली बूट देणाऱ्या दुकानाचं नाव.
कंपनीच्या माणसाने सेलोर्मच्या खांद्यावर हात ठेवला,
म्हणाला, तुझी ओळख झाली ना?
ती ओळख घेऊन तो जनरेटरचं पेट्रोल आणायला गेला.
पंपवाल्याने ओळख दाखवली नाही.

तेव्हापासून त्याने गाण्याच्या तोंडाशी सही ठेवली.
तीन सेकंद,
पहाटे गादी बाजूला सारून टिपलेली
आंटी कोशीची हाक:
कोमी! कोमी गरम!
आणि तिच्या पाठीवर पहिला ठोका.
नाव गाळता येतं, म्हणाला,
हाक गाळून दाखवा.

वर्षभराने कोशी आली.
डोक्यावरचं घमेलं उतरवलं नाही, बसलीही नाही.
टेमाच्या बंदरावर मी ओरडते म्हणे.
कुमासीत ओरडते.
मी तर कधी कुमासी बघितलं नाही.
माझे किती?

आंटी, सेलोर्म म्हणाला,
तुमची ओळख...
आणि थांबला.
दोन खोल्यांपलीकडचा डास ऐकू येणारा त्याचा कान,
वाक्य कुणाचं आहे, ते त्याने ओळखलं.

माझं माशांचं पावतीपुस्तक ओढून
त्याने उलट्या बाजूला लिहिलं: कोशी, पाच टक्के.
तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं.
शंभरातले पाच?
बाकीचे पंच्याण्णव कोण खातं?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
मग खरंच लिहायला बसलो.
घमेल्यातली कोमी तिथेच संपली,
यादी संपली नाही.

आता मी मासे तोलत नाही. ती वही सांभाळते.
नवी पोरं येतात, विचारतात
कुठला माइक, कुठलं सॉफ्टवेअर,
नाव व्हायला किती वर्षं.
मी पेन पुढे करते,
गाण्यात कोण कोण आहे, लिही.
बरेच जण एकच नाव लिहितात. ठळक.

फ्रीजर गेल्या पावसात कायमचा बंद पडला.
नव्या खोलीत जाड दारं, चांगल्या भिंती,
आणि इतकी शांतता,
की काम करता करता सेलोर्म ओठ मिटून
स्वतःच तो सूर धरून बसतो.
त्याचा हिस्सा कुणाच्या नावे लिहायचा
मला अजून सुचलेलं नाही.
एक ओळ मोकळी सोडली आहे.