अक्षरी

मी दोन दिवसांसाठी गेले होते, सी-प्लेनने,
गुडघ्यांवर फाइल,
फाइलवर कुणाच्या तरी कॉफीचं गोल वर्तुळ.
अलास्काच्या किनाऱ्यावर एवढंसं गाव:
एक शाळा, माशांचं एक शीतगृह,
आणि फेरीचा जुना धक्का,
ज्याचे लाकडी खांब समुद्रातल्या किड्यांनी
आतून पोकळ केलेत.
नवा बांधायचा. पोलादी खांब चौसष्ट.
निविदा आल्या दोनच.

एफिम गलाक्तिओनॉफ यांची चार हजार दोनशे डॉलरने कमी.
टोरलीफ विस्टनेस यांची तेवढ्याने जास्त.
भांडण होतं एका ओळीचं, बाब क्रमांक सतरा,
दर प्रति खांब.
अंकी: ९,४५०.
अक्षरी: नऊ हजार पाचशे चाळीस.

नव्वद डॉलर. चौसष्टने गुणून बघा,
पाच हजार सातशे साठ होतात
आणि खालचा माणूस वर जातो.

सुनावणी वाचनालयाच्या मागच्या खोलीत,
खुर्च्या लहान मुलांच्या,
त्यामुळे सगळ्यांचेच गुडघे हनुवटीशी.
अँकरेजहून आलेला वकील म्हणाला,
हातून झालेली चूक आहे, एकूण बेरीज
अंकांशी जुळते, अक्षरांशी नाही.
खरं होतं ते.
विस्टनेसनी वकील आणलाच नव्हता.
खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला:
अंकी व अक्षरी रकमेत तफावत आढळल्यास
अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाईल.
वाचला, घडी घातली, बसले.
एफिमकडे एकदाही पाहिलं नाही.

मग नादेझ्दा उठली, एफिमची बायको.
लिहिलं मी, म्हणाली. रात्री साडेअकराला.
हा सांगत होता, तोंडात ब्रश घेऊन.
मी विचारलं, तुमच्या मनात दर कोणता होता?
वकील आशेने पुढे झुकला.
माझ्या मनात काही नव्हतं, ऐकू आलं ते लिहिलं.
आणि तुम्ही काय सांगितलं होतं, मिस्टर गलाक्तिओनॉफ?
एफिमने टोपी या हातातून त्या हातात घेतली.
आता खरंच आठवत नाही, म्हणाला.

सहज म्हणू शकला असता. कोण तपासणार होतं?
वकिलाने पेनाला टोपण लावलं.

रात्री शीतगृहाचा पंखा घरघरत राहिला, झोप नाही.
हा नियम केला कुणी, आणि कोणत्या भरवशावर?
आकडा बोटांतून निसटतो हे खरं,
शब्द लिहिताना माणूस मनात म्हणतो तो,
सावकाश चालणाऱ्या हातावर कायद्याचा विश्वास.
पण तिचाही हात सावकाशच चालला असेल की,
पेंगत, सिंकमध्ये नळ सुरू,
पन्नासचे चाळीस होताना
ओळ जराही वाकडी झालेली नाही.
सुंदर अक्षर आहे तिचं.

सकाळी आदेश दिला. तक्रार मान्य.
अकरा पानं झाली, एक ओळ पुरली असती.
कार्यालयातल्या लुझविमिंडाने शिक्का मारला
आणि फुंकर घालून वाळवला,
शाई केव्हाच वाळली होती तरी.

एक गोष्ट आदेशात नाही, कारण ती विषयाबाहेरची:
खांब ठोकायचा तराफा या खाडीत एकच आहे
आणि तो एफिमचा.

विमानाची वाट पाहताना दिसले दोघं,
मध्ये एका फळीचं अंतर.
विस्टनेसनी बोटं दाखवली.
एफिमने मान हलवली.
पुन्हा बोटं, एक कमी की एक जास्त
लांबून कळलं नाही.
कागद कुणाच्याच हातात नव्हता.

वर ढगांत माझं बिल भरायला घेतलं.
दोन दिवसांचं मानधन, प्रवास, खोलीभाडं.
अंकी झालं भराभर.
अक्षरीच्या रेघेवर आले
आणि पुटपुटत लिहू लागले, दुसरीतल्या मुलीसारखी,
एक हजार...
वैमानिकाने मागे वळून विचारलं, काही म्हणालात?