माप-वही

दांडिया बाजारात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या वर
माझी दीड खोली. दोन मशिनं, एक आरसा,
आणि एक पडदा, ज्याच्यामागे
एकतीस वर्षं बायका माझ्यासमोर हात वर करत आल्यात.

वही लाल पुठ्ठ्याची. दरवर्षी नवी,
जुन्या मी टाकत नाही.
उंची, छाती, कंबर, मुंढा, गळा मागून किती खोल.
शेवटच्या रकान्यात शेरा:
पाइपिंग हिरवी. हूक पुढे.
सासूला दाखवू नये.

नवरात्राच्या तोंडावर शिर्केवहिनी आल्या.
म्हणाल्या, डावीकडे जरा सैल ठेव गं, काचतं.
टेप फिरवताना बोटांना लागलं ते.
भिजवलेल्या वालाएवढं. जागचं हलत नव्हतं.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
तोंडात टाचण्या असल्या की गप्प राहणं फार सोपं.

मी लिहिलं: डावी सैल, अर्धा इंच.

रात्री जुन्या वह्या काढल्या.
अनसूया माने. छत्तीस, छत्तीस, साडेछत्तीस,
शेरा: उजवी सैल.
पुढच्या वर्षी चौतीस. मग बत्तीस.
मग त्या पानावर दुसऱ्याच कुणाचं नाव.
तेव्हाही बोटांना कळलं होतं.

आणि ती पागेदारांची मैथिली,
कडेवर पाच महिन्यांचं बाळ, आरशाकडे पाठ.
काकी, कसंही शिवा, कोण बघतंय.
कंबर दोन इंच उतरलेली, डोळे त्याहून खोल.
घरी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या.
डॉक्टरचं नाव काढलं तर सासरे म्हणाले,
आपल्यात तसलं कुणी नाही.
तसलं.
याचा रकाना माझ्या वहीत नाही.

वहिनी चोळी घालून बघायला आल्या,
तेव्हा मी टाचण्या काढून गादीत खोचल्या,
एकेक करून, सगळ्या.
मग बोलले. सरळ नाही आलं, उसवत उसवत आलं.
वहिनींनी पदर ओढून घेतला.
मला ठाऊक आहे, म्हणाल्या. पाडव्यापासून.
म्हणजे 'सैल ठेव' हेच त्यांचं सांगणं होतं
आणि मी ते इंचात लिहून घेतलं.

घटस्थापनेला चार दिवस. बेचाळीस चोळ्या टांगलेल्या.
दाराला कागद चिकटवला: दुपारपर्यंत बंद.
गिऱ्हाइकं काय म्हणाली असतील ते म्हणोत.

सयाजी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही तिघी.
वहिनींनी घरी दाताचं दुखणं सांगितलेलं.
मैथिलीनं काहीच नाही, नुसती दुधाची बाटली घेऊन आली.
समोरच्या दारावरची पाटी वाचून
ती म्हणाली, इथून कुणी ओळखीचं गेलं तर?
वहिनी म्हणाल्या, गेलं तर तेही इथलंच पेशंट असेल.
ती हसली नाही. आत गेली मात्र.

खिडकीतल्या मुलीनं वहिनींचा फॉर्म भरला
आणि मला विचारलं, ने तमे, माशी?
मी? मी तर सोबत आलेय.
छप्पन वर्षं. एकतीस वह्या.
माझं पान एकाही वहीत नाही,
मी नेहमी जुन्या ब्लाउजवरून बेततेय.

आतली बाई म्हणाली, हात वर.
माझंच वाक्य, माझ्याच आवाजात म्हणावं तसं.
थंड काच. श्वास रोखा.
मला वाटलं, किती लाजत असतील सगळ्या,
आणि मी नुसती टेप ओढत राहिले.

बाहेर येऊन मैथिलीला भूक लागली.
डोळे लाल, पण भूक लागली.
शेव-उसळ खाल्ली उभ्या उभ्या, तिखट जास्त घालून,
बाळ वहिनींच्या खांद्यावर घोरत होतं.

रिपोर्ट गुरुवारी.
रात्री दोनपर्यंत मशीन चालवलं. मग वही उघडली.
शिर्के: गुरुवार, सकाळी दहा, मी बरोबर.
मैथिली: पुन्हा सोमवारी. पिको करा म्हणाली.
मग एक कोरं पान काढलं.
नाव लिहिलं, माझं, आडनावासकट.
पाठीचं माप एकटीला घेता येत नाही.
तेवढं रिकामं ठेवलंय.