नऊ हजार तास

मागच्या दारानं ये, ग्वेन हेब्लथ्वेट म्हणाली,
पुढच्या दारात आज कुणाचे तरी नातेवाईक आहेत.
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून,
हत्यारांची पेटी उचलून मी आत गेले.
व्हिटबीतलं हे शुश्रूषागृह
समुद्राकडे पाठ करून बसलेलं.

पँट्रीत बर्फाचं मशीन गुरगुरत होतं.
मधूनच त्याच्या पोटातून खडे सुटायचे,
खालच्या हौदात
कुणी सागरगोटे उधळावेत तसे.
झाकणाच्या फटीतून जांभळट उजेड.

"दिवा चालू आहे ना? मग झालं."
तिला चहा हवा होता.
मलाही.

पण आतल्या बाजूला स्टिकर होता.
बसवल्याची तारीख, खाली 'पुढची भेट : बारा महिने'.
अक्षर माझं.
पोटात आडवी रेघ असलेला सात
अख्ख्या कंपनीत मी एकटीच काढते.
आज पंधरावा महिना.

हा दिवा मरताना विझत नाही.
नऊ हजार तासांनंतरही
काचेतून निळाई तेवढी येत राहते,
आणि जंतू मारणारा उजेड,
जो डोळ्यांना मुळात दिसतच नाही,
तो ओसरत गेलेला असतो, कुणाला न सांगता.
दुकान उघडं, पाटी लागलेली,
गल्ल्यावर माणूस नाही.

आयटीआयला घोरपडे सर
वर्गातल्या एकुलत्या एका मुलीला विचारायचे,
तू काय उजेड पाडणार गं?
हा बघा, सर.

मेन बंद केला. पत्रा काढला. विजेरी धरली.
दिव्याच्या समोरचं अजून बरं होतं.
पन्हळ जिथे वळते, तिथे त्या वळणाच्या मागे
बोट घातलं, तर बुळबुळीत.
दिव्याखाली अंधार, हे लहानपणी पाठ केलेलं.
तो गुलाबी असतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

उजेडाला कोपरा वळता येत नाही.
हाताला येतो.
म्हणून ब्रश, म्हणून गरम पाणी,
म्हणून नखाएवढ्या फटीत
कापसाची काडी, पुन्हा काडी, पुन्हा.
नवा दिवा लावला म्हणजे ही काडी सुटते
असं कॅटलॉगातही लिहिलेलं नाही,
पण आम्ही सगळे तसंच वाचतो.

हौदातला बर्फ सिंकमध्ये ओतला.
चाळीस किलो. गरम पाण्याखाली
तो तडतडत बसला, खाली गेला.
"अगं, सहा नंबरला दर वीस मिनिटांनी लागतो!"
सहा नंबर म्हणजे ऑल्डरसन.
पन्नास वर्षं ट्रॉलरवर मासे बर्फात पुरले त्यानं.
आता पाणी गिळवत नाही,
चमच्यावर एक खडा, ओठांशी.

मी विचारलं, गेल्या तीन महिन्यांत
कुणी आजारी पडलं का इथे?
ग्वेननं माझ्याकडे पाहिलं.
"इथे सगळेच आजारी असतात, बाई."

ह्याचं उत्तर कुठल्या फॉर्मवर लिहितात
मला माहीत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद पिशवी आणली,
माझ्या पैशांनी. पावती मागितली नाही.
ऑल्डरसननं खडा जिभेवर फिरवला,
डोळे न उघडता म्हणाला,
हा आपला नव्हे.
नाही, म्हटलं. आपला संध्याकाळपर्यंत.

पहिली खेप फेकायची असते, फेकली.
दुसरीही फेकली, ती नियमात नाही.
नव्या नळीला उघड्या बोटांनी शिवायचं नसतं,
रुमालानं धरून बसवली.
स्टिकरवर तारीख घातली, सातासकट.
खाली 'बारा' लिहिलं, खोडलं,
'दहा' केलं.

झाकण लावून मग मेन चालू.
फटीतून पुन्हा तीच निळाई,
सकाळी होती तशीच, हुबेहूब.
बघायचा नसतोच तो उजेड.
मोजायचा असतो.

ग्वेननं चहा आणला, गार झालेला.
आत पहिला खडा पडला, मग थांबला,
मग बाकीचे.