आवतण

मे महिन्यात स्मोलांडची हवा अठरा अंशांवर गेली
की ते निघतात,
तांदळाच्या कणीएवढे भुंगेरे.
पहिला नर एकटाच.
बर्चचा वास आडवा आला की वळतो:
हे दार आपलं नव्हे.

स्प्रूसपाशी थबकतो.
गेला उन्हाळा कोरडा गेला.
झाड तहानलं, कुणाला बोललं नाही,
पण सालीतून सुटलेल्या वासानं
चहाडी केली.

धडधाकट झाड असल्या पाहुण्याला
राळेत बुडवून मारतं.
याच्याकडे राळ उरलीय ती वासापुरती.
तो आत शिरतो, तीच गिळतो,
पोटात तिचं आवतण करून
वाऱ्यावर सोडतो.

दोन दिवसांत हजारभर जमतात.
मग वास बदलतो:
पंगत भरली, पुढच्या घरी जा.

गुनवोरला यातलं काहीच कळत नाही.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात तिचं नाक गेलं,
तेव्हापासून कॉफी म्हणजे
गरम, काळं पाणी.

टुवा कुत्री पुढे, दोरी सैल.
एका खोडापाशी ती बसते
आणि मागे वळून बघते.
वर शेंडा हिरवागार.
गुनवोर गुडघे टेकते. बुंध्याशी
कॉफीच्या चोथ्यासारखा भुसा.
चिमूटभर उचलून, सवयीनं, नाकाशी नेते.

काही नाही.

आईनं लावलेल्या रांगेतलं हे सातवं झाड.
ती लाल फीत बांधते,
टुवापुढे सॉसेजचा तुकडा धरते.

टुवा खात नाही.
बसूनच आहे,
तोंड आठव्याकडे.