आवर्तन

कानटोपी विसरलात म्हणून मागं आले,
एवढंच.
नाहीतर मला हे शेजारणीकडून कळलं असतं,
दूध तापवताना.

पहाटेचे पावणेसहा. हडपसरच्या कालव्याला
रब्बीचं पाणी सोडलेलं, काठोकाठ,
आणि वर वाफ, जसं काही खाली कुणी चूल पेटवलीय.
वाफेवर विश्वास ठेवू नये.
बोट घातलं तर बोट आपलं वाटणार नाही
असं पाणी.

खारी घसरली ती बगळ्यामागं.
अकरा वर्षांची कुत्री, एका डोळ्यात मोतीबिंदू,
हिला बगळा हवा होता!
सिमेंटच्या उतारावर शेवाळ.
नखं खरवडल्याचा आवाज चारदा आला,
पाचव्यांदा आला नाही.

तुम्ही एक बूट काढलात.
दुसऱ्याची नाडी सुटेना, तर तसेच उतरलात,
छातीत दोन स्टेंट, त्यांचे हप्ते मार्चपर्यंत,
अंगात माझ्या भावानं दिलेला लोकरी स्वेटर.
तो भिजला की शेरडाएवढा जड होतो
हे धुणारीला ठाऊक, घालणाऱ्याला कुठून?

मी ओरडले, अहो!
शेकोटीजवळचे चौघं वळले.
काठावरचा प्रत्येकजण कुणाचा तरी अहो.

एकतीस वर्षं.
लग्नात एकदा, दोन बारशांना दोनदा
उखाण्यात गुंडाळून घेतलेलं नाव
ऐनवेळी जिभेवर येईना.
त्याला आधी यमक लागतं ना,
आणि पाणी थांबत नव्हतं.
मग मी हाक मारली, खारी!
तर तुम्ही दोघांनीही मान वर केली.

पुढचं आठवत नाही म्हणता. ऐका.
तीन मफलर एकमेकांना बांधले, पहिलीच गाठ सुटली.
एकजण म्हणाला फायर ब्रिगेड, एकजण म्हणाला नंबर काय.
तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर.
लिंबराज नावाचं पोरगं, आष्टीकडचं,
मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही,
त्यानं मोळ्यांवरचा दोरखंड सोडला, निम्मा ऊस रस्त्यावर,
आणि मुकादमाला शिव्या घालायला
तोंड मोकळं ठेवून दोर फेकला.

तो तुम्ही तिला बांधलात.
बोटं चालेनात तर दातांनी गाठ मारलीत.
ती वर आली, अंग झाडलं, माझी साडी भिजवली.
दोर पुन्हा पडेपर्यंत तुम्ही
पुलाच्या मोरीशी पोचला होतात.
ती दोन मिनिटं
मी अजून माफ केलेली नाहीत.

डॉक्टरांना सांगितलंत, पाय घसरला.
नणंदेचा फोन आला, कुत्र्यापायी?
मीही म्हणाले, हो ना, कुत्र्यापायी.
रात्री तीन गोधड्यांखाली तुमचे दात वाजत होते
तेव्हा विचारलं, का गेलात?
म्हणालात, ती माझ्याकडं बघत होती.
कुठल्या डोळ्यानं, ते विचारायचं राहिलं.

जी नाडी तुम्हाला सुटली नाही
तो बूट पाण्यानं सोडवून नेला.
उरलेला मी दारामागं ठेवलाय. टाकवत नाही,
आणि ती त्यात तोंड खुपसून झोपते.

काल म्हणे सात अंश होतं.
मध्यरात्री उठले, तुमची जुनी बंडी तिच्यावर घातली,
खाली वाकले, आणि तिच्या कानात
यमकाशिवाय
तुमचं नाव सांगितलं.
तिनं कान झटकला, माशी बसल्यासारखा.

मोठ्यानं म्हणायचा सराव अजून व्हायचाय.
कालव्याला बावीस दिवस पाणी आहे.